वाटणीत गेलेलं इंजिन

माझ्या थोरल्या मामाला खुर्चीवर सरळ बसता येत नाही. तो एका अंगावर बसतो, डावा खांदा पुढे, मान मागे वळलेली. आयुष्यभर त्याने चेनचा ट्रॅक्टर चालवला, आणि चेनच्या ट्रॅक्टरवरचा माणूस पुढे कमी आणि मागे जास्त बघतो, कारण पुढे नुसती जमीन असते, काम मागे असतं. लग्नाच्या फोटोतही तो असाच बसलाय. मामी म्हणते, "मला तेव्हा वाटलं, मागे दुसरी कुणी उभी आहे की काय."

माझं बेअरिंग, ऑइल सील आणि पट्ट्यांचं दुकान आहे. गिऱ्हाईक येतं, मुठीतला तुटका तुकडा काउंटरवर ठेवतं आणि म्हणतं, "अस्संच द्या." अस्संच कधी नसतं. मग मी तो तुकडा पुसते, मापते, आणि हा कुणी आणि कसा तोडला ते गिऱ्हाइकाला तोंडावर सांगते. त्यामुळे माझी जीभ जरा धारदार आहे असं लोक म्हणतात. असेल. पण या गोष्टीत माझ्या दोन्ही मामांनी मला जितकं फिरवलं तितकं कुणी गोगलगायीलाही फिरवलं नसतं, तेव्हा मी गोडीगुलाबीने सांगेन अशी अपेक्षा ठेवू नये.

गोगलगाय हे त्या ट्रॅक्टरचं नाव. आजोबांनी तो जुनाच घेतला होता, धंदा गुंडाळलेल्या एका ठेकेदाराकडून. दोन्ही बाजूंना लोखंडी चेन, मध्ये नाकाड काढलेलं इंजिन, मागे भोकाभोकांची लोखंडी सीट. चाकं नाहीत, घाई नाही. खोडं उपटायची, उतार सपाट करायचे, रुतलेल्या गाड्या ओढायच्या, हे त्याचं काम. जिथे माणूस काठी टेकत चढेल तिथे तो सरळ चढायचा, म्हणून लोक हसून म्हणायचे, गोगलगाय अन् पोटात पाय.

आजोबा गेल्यावर दोघा भावांची वाटणी झाली. घर थोरल्याला, ओढ्यापलीकडची जागा धाकट्याला. हत्यारं, शिड्या, घमेली, सगळं मोजून निम्मं निम्मं. राहिला ट्रॅक्टर. विकायला दोघेही तयार नाहीत, आणि एकाने ठेवायचा तर दुसरा तयार नाही. माझी आई, म्हणजे त्या दोघांची बहीण, शेवटी वैतागून म्हणाली, "मग कापा की मधोमध!" ती चिडून बोलली होती. या दोघांनी ते मनावर घेतलं. धाकट्याला लाकूड चिरायची वखार टाकायची होती, करवत फिरवायला इंजिन हवं होतं. ठरलं की इंजिन धाकट्याचं आणि बाकीचा ट्रॅक्टर थोरल्याचा. म्हणजे एकाला घोडा आणि दुसऱ्याला लगाम. इतकी मूर्ख वाटणी दोन शहाण्या माणसांनी केलेली मी दुसरीकडे पाहिली नाही.

इंजिन साखळीने उचलून गाडीत ठेवलं तेव्हा थोरला मामा चारचौघांत बोलला, "घेऊन जा. पण बारक्या, इंजिन सांभाळायला डोकं लागतं, आणि ते काही तुझ्या वाटणीला आलेलं नाही."

लोक हसले. बारक्या म्हणजे धाकटा मामा. तो दारातून वाकून आत येणारा धिप्पाड माणूस आहे, पण घरात बारक्या म्हणून जन्मला तो बारक्याच राहिला. तो गाडीत इंजिनाशेजारी बसला आणि ओढा ओलांडून गेला. त्यानंतर दोघे भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत असं नाही. लग्नात, दवाखान्यात, माझ्या आईच्या आजारपणात ते भेटायचे, "कसं काय", "बरं आहे" इतकं व्हायचं. पण धाकटा मामा थोरल्याच्या अंगणात आला नाही आणि थोरला वखारीत गेला नाही. मध्ये ओढा होता, आमच्या डोंगराळ थंडीत काठाकाठाने गोठणारा, त्यावर पूल होता, आणि पलीकडच्या इंजिनाचा आवाज दिवसभर थोरल्याच्या अंगणात ऐकू यायचा.

पुढे थोरल्या मामाने दुसऱ्यांचे ट्रॅक्टर चालवले, रस्त्याच्या कामावर डोझर चालवला, पगार आणला, मुली शिकवल्या. पण पत्र्याच्या शेडमधल्या त्या पोटात काही नसलेल्या गोगलगायीची सेवा त्याने सोडली नाही. ती जमिनीत रुतू नये म्हणून जॅकने उचलून खाली जाड लाकडी ओंडके सरकवले. तोंड उघडं होतं तिथे ताडपत्री बांधली. दर काही दिवसांनी तो चेनला तेल पाजायचा. मामी म्हणायची, "माझे गुडघे कुरकुरतात ते याला ऐकू येत नाही." पण शेडचा पत्रा वाऱ्याने उडाला तेव्हा रात्रीतून स्वतःच्या अंथरुणावरची चादर काढून ट्रॅक्टरवर टाकणारीही तीच.

जुन्या यंत्रांच्या संग्रहालयातल्या बाई आल्या त्या माझ्या दुकानातून. एका गिऱ्हाइकाने मामाच्या शेडमध्ये फोटो काढला होता, तो फिरत फिरत त्यांच्यापर्यंत गेला, आणि त्या पत्ता विचारत काउंटरवर उभ्या राहिल्या. पायात जाड बूट, खिशात बॅटरी, बोलणं कमी. मला त्या पहिल्या भेटीतच आवडल्या, कारण त्यांनी काउंटरवरचं बेअरिंग हातात घेतलं, फिरवून पाहिलं आणि कुठलाही शेरा न मारता परत जागेवर ठेवलं.

शेडमध्ये त्यांनी ट्रॅक्टरभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि विचारलं, "काका, याचा मूळ रंग कोणता?"

"पिवळा," मामा म्हणाला.

"नक्की?"

"बाई, मी याच्यावर जन्म काढलाय."

बाईंनी बारीक पॉलिश पेपरचा तुकडा काढला आणि सीटखाली, जिथे कुणाला दिसणार नाही अशा जागी, हळूहळू गोल घासत गेल्या. टिकलीएवढी जागा झाली. तिच्यात कांद्याच्या चकतीसारखी कडी दिसायला लागली. वर पिवळा, मग गंजरोधक लाल, मग आणखी एक पिवळा, आणि सगळ्यात आत निळसर राखाडी. मामाचा चेहरा असा झाला, जणू लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बायको म्हणाली, माझं आधी एक लग्न झालं होतं. तो नंतर पूर्ण दुपार बाईंशी फक्त हो-नाही एवढंच बोलला. पिवळ्या रंगाचा एक मोठा डबा त्याने आधीच आणून ठेवला होता. बाई म्हणाल्या, "रंगवायचं नाही. घासायचं नाही. आहे ते थांबवायचं, नवं काही करायचं नाही." तो डबा पुढे मामीने कुंपणाच्या फाटकाला लावला.

ओळख पटली ती स्टिअरिंगवरून. चेनचे ट्रॅक्टर दोन दांड्यांनी वळवतात. डावी ओढली की डावीकडे, उजवी ओढली की उजवीकडे. याला मोटारीसारखं गोल चाक होतं. एका कंपनीने असे थोडेच बनवले होते, चालवणाऱ्यांना ते पटले नाहीत, आणि कंपनीही लवकरच बुडाली. बाईंनी मागच्या गिअरपेटीवरचं ग्रीस खरवडलं, बॅटरी तिरकी धरली आणि तिथे ठोकलेला नंबर वाचला. मग बाहेर जाऊन फोनवर बराच वेळ बोलल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या गालावर ग्रीसचा पट्टा होता, तो पुसायचंही भान नव्हतं.

"काका, असे आम्हाला माहीत आहेत ते सगळे अर्धेमुर्धे आहेत. कुणाला चेन नाही, कुणाची गिअरपेटी दुसरीच. पूर्ण एकही नाही. याचं इंजिन कुठाय?"

मामा मान वळवून मागे बघत बसला. उत्तर मामीने दिलं. "ते दिराकडे नांदायला गेलंय."

बाईंनी समजावून सांगितलं. कंपनी जो नंबर गिअरपेटीवर ठोकायची तोच इंजिनावर ठोकायची. तेच इंजिन मिळालं तर हा ट्रॅक्टर त्यांच्या मोठ्या दालनात मधोमध उभा राहील आणि तिथे त्याची कायम निगा राखली जाईल. दुसरं कुठलं इंजिन बसवलं तर ते नुसतं जोडकाम. मग हा मागच्या गोदामात, सुट्या भागांच्या रांगेत.

"तेच इंजिन आहे," मामा म्हणाला. "बारक्याकडे रोज चालतंय. ते बसवलं की मी स्वतः चालवत आत नेईन."

बाईंनी जरा विचार केला. "तेच असेल आणि चालत असेल, तर न्या. एकदाच."

झालं. त्या दिवसापासून मामाला दुसरा विषय राहिला नाही. संग्रहालयात जाऊन त्याने दाराची रुंदी मापली, उतार बघितला, वळताना फरशी किती खरवडेल त्याचा हिशेब केला आणि तिथल्या पहारेकऱ्याला सांगून आला, "मी आलो की बाजूला उभा राहा." आयुष्यात त्याने काही मागितलं नव्हतं. डोझरवर पाठ मोडून घेतली, तरी बढती मागितली नाही. ही एकच गोष्ट त्याला हवी होती, की गोगलगाय पूर्ण व्हावी आणि आपण तिच्यावर बसून आत जावं. मला हे कळत होतं, आणि म्हणूनच मी निरोप्याचं काम अंगावर घेतलं. नाहीतर माझ्या दुकानात कामं कमी नव्हती.

मी इंजिन आणीपर्यंत मामा चेनला लागला. चेनच्या कड्या जोडणाऱ्या पिना आणि त्यांवरच्या नळ्या, म्हणजे बुश, एकाच बाजूने झिजतात. त्या दाबून बाहेर काढायच्या, अर्धा फेरा फिरवायच्या आणि परत बसवायच्या, म्हणजे न झिजलेली बाजू कामाला लागते आणि नवा भाग लागत नाही. बाईंना ही पद्धत पसंत पडली. जाम झालेले रोलर मामाने रॉकेल आणि तेलात भिजत घातले, रोज हाताने थोडे थोडे फिरवत सोडवले. रोलरची सीलं बाजारात मिळेनात, मी जाड नमद्यातून, दाबलेल्या लोकरीच्या पट्टीतून, कापून दिली. पहिली चुकली. मामा म्हणाला, "दुसऱ्याला शिकवतेस आणि स्वतः मापायला विसरतेस?" मी मुकाट्याने दुसरी कापली.

वखारीत धाकटा मामा मला बघून खूश झाला. तिथे सगळ्यावर भुशाची पिवळी साय असते, माणसांच्या भुवयांवरसुद्धा. इंजिन मागच्या पडवीत, भिंतीला घासून बसवलेलं. त्याचा पट्टा भिंतीतल्या फटीतून करवतीकडे गेलेला. मामाने चहा मागवला, दुकानाची चौकशी केली, माझ्या मुलीची केली. मी इंजिनाचा विषय काढला तसा त्याने कप खाली ठेवला.

"दादाला सांग, स्वतः येऊन माग म्हणावं."

"मामा, तुला दुसरं इंजिन मी आणून देते. मोटर बसव, विजेवर चालेल. तुझंच बरं होईल."

"ते सोड. त्याने यावं."

थोरल्याला सांगितलं तर तो ओंडक्यावरून उठलाही नाही. "माझ्या ट्रॅक्टरचं इंजिन मी मागायचं? त्याला म्हणावं, आणून दे."

परत पलीकडे. परत अलीकडे. कोर्टकचेरी असती तर निदान तारखा तरी पडल्या असत्या. धाकटा दरवेळी चहा पाजायचा आणि दरवेळी तेच सांगायचा, पण मला एक गोष्ट खटकायला लागली. अडून बसलेल्या माणसाला बघायची मला सवय आहे. माझ्याकडे उधारीचं गिऱ्हाईक रोज येतं. अडून बसलेला माणूस डोळ्याला डोळा भिडवतो. धाकटा मामा इंजिनाचं नाव निघालं की कपात बघायचा.

त्यातच बाईंचा फोन आला. इंजिन मिळेल तेव्हा मिळो, त्यावरचा नंबर तरी कागदावर उतरवून पाठवा, दालनात जागा धरून ठेवता येईल. नंबर इंजिनाच्या बिडाच्या धडावर, म्हणजे ब्लॉकवर, कोणत्या बाजूला, पाणी सोडायच्या कॉकच्या किती वर, तेही त्यांनी नीट सांगितलं. मी पातळ कागद आणि खडू घेऊन दुपारी गेले. करवत बंद होती, कामगार जेवायला बसले होते. नंबरची बाजू भिंतीकडची. मी अंग चोरून त्या फटीत शिरले, जाड रंग चाकूने खरवडला, कागद दाबून खडू फिरवला. पांढरे आकडे उमटले. ते दुसरेच होते.

मला वाटलं, चुकीच्या जागी बघितलं. पुन्हा खरवडलं, पुन्हा घासलं. तेच.

"झालं समाधान?" पाठीमागून आवाज आला. धाकटा मामा पडवीच्या दारात उभा होता. दार त्याने पूर्ण भरून टाकलं होतं. मी फटीतून बाहेर आले, अंगभर भुसा. तो रागावलाय असं मला वाटलं. तो रागावला नव्हता. तो खोक्यावर बसला आणि हातांकडे बघत बोलला.

"पहिल्याच थंडीत फुटलं. ब्लॉकला आडवी चीर गेली. सकाळी आलो तर खाली बर्फाची जीभ लटकत होती."

अशा जुन्या इंजिनांत तेव्हा साधं पाणीच घालत. कडाक्याच्या थंडीत संध्याकाळी ब्लॉकच्या खालचा कॉक उघडून ते सोडून द्यायचं. राहिलं तर रात्री गोठून फुगतं आणि बीड तडकतं. हे लहान मूलही सांगेल.

"पाणी सोडलं नव्हतंस?" मी विचारलं.

"सोडलं होतं. कॉक उघडला होता मी."

"उघडला होतास तर पाणी राहिलं कसं?"

"तेच तर," तो म्हणाला. "उघडला, पाणी आलं, आलं, मग थांबलं. मी वाट बघितली. मग घरी गेलो. असं मला आठवतं. पण तसं असतं तर फुटलं नसतं ना? म्हणजे मी उघडलाच नसेन. तुझी धाकटी मामीपण तेच म्हणाली, दमला होतास, विसरला असशील." त्याने हातावरचा भुसा झटकला. "दादा बोलला होता ना सगळ्यांसमोर, डोकं लागतं म्हणून. दोन महिने नाही टिकलं माझ्याकडे. मग तसल्याच आकाराचं दुसरं शोधून आणलं, त्याच रंगात रंगवलं, नंबर भिंतीकडे केला."

मला राग यायला हवा होता. मी कितीदा पूल ओलांडला होता! पण समोर हा एवढा मोठा माणूस खोक्यावर शाळेतल्या पोरासारखा बसलेला, आणि मला त्याचं फार वाईट वाटलं. एवढी वर्षं तो रोज त्या खोट्या इंजिनाचा आवाज ओढ्यापलीकडे पोचवत होता.

"जुनं कुठाय?"

ते त्याने फेकलं नव्हतं. वखारीच्या उतारावर ओंडके गडगडत खाली येऊ नयेत म्हणून एक अडसर असतो; तिथे ते अर्धं जमिनीत पुरलेलं होतं. आम्ही माती उकरली. नंबर होता. तोच होता.

मी बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "फुटलेलं असू दे. ते त्याचं आहे. बिडाला टाके घालणारे कारागीर आहेत आमच्याकडे." मग त्यांनी स्पष्टच सांगितलं, की टाके घातले तरी त्या ब्लॉकवर भार द्यायचा नाही. ट्रॅक्टर पूर्ण होईल, पण चालणार नाही. पुढे तसंच झालं. चिरेवर एकाला एक लागून धातूच्या बारीक पिना बसवल्या, घासून सपाट केल्या, आणि गोगलगाय दोरखंडाने ओढून दालनात नेली; निळसर राखाडीवर पिवळा, पिवळ्यावर टवके, जशी होती तशी. पण ते नंतरचं. आधी तो ब्लॉक थोरल्याच्या अंगणात यायला हवा होता, आणि कुणीतरी त्याला सांगायला हवं होतं.

"तू सांग," धाकटा मामा म्हणाला.

"मी निरोप नेते. हे निरोपात बसत नाही. तुझं तू सांग."

"तो हसेल."

"हसू दे. मी आहे तिथे."

पुढच्या रविवारी सकाळी धाकट्या मामाची ट्रॉली पुलावरून अलीकडे आली. मी आधीच शेडमध्ये होते. थोरला चेनची शेवटची पिन ठोकत होता. ट्रॉलीचा आवाज ऐकून त्याने मान वळवली आणि हातोडा तसाच धरून उभा राहिला. मामी स्वयंपाकघराच्या दारात आली, दिराला बघून पदराला हात पुसत तिथेच थांबली.

धाकटा ट्रॉलीतून उतरला. "दादा," तो म्हणाला, आणि पुढचं त्याने पाठ करून आणलं असावं, कारण ते एका दमात आलं. "इंजिन फुटलंय. पहिल्याच वर्षी फुटलं. माझ्या हातून फुटलं. वखारीत चालतंय ते दुसरं आहे. हे तुझं. तू म्हणाला होतास ते खरं होतं."

मी थोरल्याच्या तोंडाकडे बघत होते. हसला असता तर मीच हातोडा काढून घेतला असता. तो हसला नाही. त्याला धक्काही बसलेला दिसला नाही. तो ट्रॉलीपाशी गेला, ब्लॉकवरची माती हाताने झाडली आणि चिरेवरून बोट फिरवलं.

"मला माहीत होतं," तो म्हणाला.

"काय?"

"त्या थंडीत तुझी वखार काही दिवस बंद होती. मग सुरू झाली तेव्हा आवाज दुसरा होता. मी त्या इंजिनाच्या पाठीमागे बसून वाढलो बारक्या. मला कळणार नाही?"

माझं डोकं फिरलं. "मग मला कशाला पळवलंत इतके दिवस?" मी ओरडले. "माहीत होतं तर इंजिन मागत कशाला होतास, मामा? ट्रॅक्टर चालवत नेणार म्हणून बाईंना कशाला सांगितलंस?"

"वाटलं, एवढ्या मोठ्या कारणाने तरी हा येईल आणि सांगेल."

"मग मी सांगितल्यावर तू काय करणार होतास?" धाकट्याने विचारलं. त्याचा आवाज चढला होता. "इतकी वर्षं माहीत होतं आणि बोलला नाहीस? एकदा बोलला असतास तर मी सुटलो असतो!"

"बोललो असतो तर तू विचारलं असतंस, फुटलं कसं."

"कसं म्हणजे? मी पाणी सोडायला विसरलो, म्हणून!"

थोरला मामा खाली बसला. चेनवर, एका अंगावर नाही, सरळ बसला. मी त्याला तसं बसलेलं पहिल्यांदा बघत होते.

"त्या कॉकमध्ये गाळ अडकायचा," तो म्हणाला. "ब्लॉकच्या तळाशी गंजाचा चिखल साचतो. कॉक उघडला की थोडं पाणी येतं, मग गाळ येऊन भोक बुजतं आणि पाणी थांबतं. वाटतं, रिकामं झालं. आत निम्मं तसंच असतं. बाबा रोज त्यात तार घालायचे. बाबांनंतर मी. तू संध्याकाळी कधी ट्रॅक्टरपाशी नसायचास, तुला माहीत असायचं कारण नव्हतं."

मामी दारातून पुढे आली होती, ती अर्ध्या वाटेत थांबली.

"तू मला सांगायला विसरलास," धाकटा म्हणाला. ते तसंच असावं असं त्याला वाटत होतं, हे त्याच्या आवाजावरून कळत होतं.

"नाही," थोरला म्हणाला. "विसरलो नव्हतो. तू गाडीत बसलास तेव्हा तोंडापर्यंत आलं होतं. मग वाटलं, फार शहाणा समजतो स्वतःला, अडलं की येईल विचारायला. थंडी पडली तशी मी रोज वाट बघत होतो. दोनदा पुलापर्यंत आलोही. मग आवाज बंद झाला."

धाकटा मामा पुढे सरकला तेव्हा मला वाटलं, आता हा मारणार. एवढ्या अंगाच्या माणसाने मारलं असतं तर थोरला उठला नसता, आणि मला वाटतं त्याने हातही वर केला नसता. पण धाकटा त्याच्यासमोरून तसाच पुढे निघून माझ्यापाशी आला. त्याने माझे दोन्ही दंड धरले. तो हसतोय की रडतोय ते मला कळेना.

"ऐकलंस ना?" तो म्हणाला. "कॉक उघडला होता मी. ऐकलंस ना तू? मी उघडला होता."

"उघडला होतास," मागून थोरला मामा म्हणाला.